टाचणी, पुठ्ठा आणि भिंग: स्वतःच्या डोळ्यावर करायचे प्रयोग

डोळा नीट चालत असतो तेव्हा तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. समोरचं झाड दिसतं, झालं. आत काय चाललंय याचा सुगावा लागतो तो डोळा चुकतो तिथे: ठिपका डोळ्यांदेखत गायब होतो, सावली उलट्या बाजूने येते, एका टाचणीच्या दोन होतात. म्हणून इथले प्रयोग आकृतीतल्या नावांच्या क्रमाने लावलेले नाहीत. प्रत्येक वेळी डोळ्याला अडचणीत पकडायचं आणि जमेल तिथे मोजपट्टी लावायची. नुसतं 'दिसलं' लिहू नका, किती सेंटिमीटरवर दिसलं ते लिहा. त्या आकड्यांवरून आपल्याच डोळ्याच्या आतली मापं मिलिमीटरमध्ये काढता येतात, आणि ती खऱ्या मापांच्या आश्चर्य वाटेल इतकी जवळ येतात.

सामान साधं आहे: ५ सेंमी व्यासाचं बहिर्गोल भिंग, काळा पुठ्ठा, ट्रेसिंग पेपर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, टाचण्या, चिकटपट्टी, मोजपट्टी, मोजायची टेप, दोरा, काही कोरे कागद आणि एक गडद काचांचा गॉगल. भिंग १० सेंमी नाभीय अंतराचं मिळालं तर पुढची गणितं तंतोतंत लागू पडतील.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्यात. भिंगातून असो की टाचणीच्या भोकातून, सूर्याकडे पाहायचं नाही. लेझर या प्रयोगांत कुठेच लागत नाही, तो आणूच नका. टाचणीने भोक पाडून झालं की टाचणी डबीत परत ठेवायची; डोळ्याजवळ फक्त कागद आणि फॉइल येतील. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर हे सगळं नंतर. आणि मध्येच कधी अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसू लागलं तर तो प्रयोगाचा भाग नव्हे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

पुठ्ठ्याचा डोळा

आधी भिंगाचं नाभीय अंतर काढू. दिवसा खोलीतले दिवे बंद करा. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा, भिंग त्याच्यापुढे धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका ठिकाणी खिडकीबाहेरचं लांबचं दृश्य कागदावर लख्ख उमटेल, पण उलटं, आणि डाव्याचं उजवं झालेलं. त्या क्षणी भिंग आणि कागद यांच्यातलं अंतर म्हणजे नाभीय अंतर. खिडकीची चौकट स्पष्ट दिसते ती जागा घेऊ नका, चौकट जवळ असते. चौकटीपलीकडचं लांबचं झाड किंवा इमारत स्पष्ट दिसायला हवी.

आता काळ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या करा, बाहेरची १८ सेंमी आणि आतली १२ सेंमी लांब, एक दुसरीत घट्ट सरकेल अशी. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी भिंग बसवा, आतल्या नळीच्या भिंगाकडच्या टोकाला ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. भिंग बाहेरच्या दृश्याकडे रोखून आतल्या नळीतून मागच्या बाजूने पाहा. कागदावर सुरकुती राहिली तर चित्र एका बाजूला स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला पुसट येतं. नळ्यांच्या फटीतून उजेड आत येत असेल तर सगळंच फिकट दिसतं. फटीवर काळ्या पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळा.

लांबच्या दृश्यासाठी पडदा भिंगापासून १० सेंमीवर लागतो. आता ५० सेंमीवर मोबाइलचा स्क्रीन उजळून ठेवा: पडदा १२.५ सेंमीवर न्यावा लागेल. ३० सेंमीवरच्या स्क्रीनसाठी १५ सेंमीवर. टेपने मोजा, हे आकडे काही मिलिमीटरच्या फरकाने जुळतात. आणि हीच आपल्या डोळ्याची अडचण आहे. डोळ्याचा गोळा पुढून मागे जेमतेम २४ मिमी आहे आणि त्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सरकत नाही. मग डोळा भिंगच बदलतो: जवळचं पाहताना आतल्या स्नायूंमुळे नेत्रभिंग फुगीर होतं. नळी सरकवताना तुम्ही हाताने जे केलं, ते तो भिंगाचा आकार बदलून करतो.

भिंगावर मध्यभागी ५ मिमीचं भोक असलेली काळी चकती ठेवली की चित्र अंधूक होतं, पण आता जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. ही झाली बाहुली.

या नमुन्यात एक गोष्ट फसवी आहे. आपल्याला वाटतं की डोळ्यातलं भिंग हेच प्रकाश वळवण्याचं मुख्य काम करतं. तसं नाही. प्रकाश वळवण्याची ताकद डायॉप्टर या एककात मोजतात. डोळ्याची एकूण ताकद ६० डायॉप्टरच्या आसपास आहे आणि त्यातले ४३ एकट्या पारपटलाचे, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचे. पटत नसेल तर भिंग बादलीभर पाण्यात बुडवा आणि तळाशी ठेवलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेल्या छापील कागदावर धरा. अक्षरं मोठी होण्याचं प्रमाण एकदम घटतं, कारण काचेच्या भिंगाचं नाभीय अंतर पाण्यात जवळजवळ चौपट होतं. प्रकाश वळवण्याच्या बाबतीत काच आणि हवा यांत जेवढा फरक तेवढा काच आणि पाणी यांत नाही. पारपटलाचंही तेच. पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी सगळं धूसर दिसतं ते पाणी डोळ्यात जातं म्हणून नव्हे, तर पारपटलापुढची हवा गेली म्हणून. पोहण्याचा चष्मा ती हवा परत देतो, बाकी काही करत नाही.

टाचणीएवढ्या भोकातून

काळ्या पुठ्ठ्यात १ सेंमीची चौकोनी खिडकी कापा आणि तिच्यावर फॉइल चिकटवा. फॉइल खोडरबरावर ठेवून टाचणीचं नुसतं टोक टेकवा आणि बोटांत फिरवा. टाचणी आरपार घालायची नाही. भोक अर्ध्या मिलिमीटरचं हवं. कडा फाटलेली असेल तर फॉइल बदला, फाटक्या कडेमुळे पुढचं सगळं चित्र बिघडतं. चष्मा असेल तर काढा.

पहिली गंमत लगेच दिसते. एखादा छापील मजकूर डोळ्यापासून ६ ते ८ सेंमीवर आणा. तो वाचता येत नाही. आता डोळ्याला अगदी लागून फॉइल धरा आणि मजकुरावर चांगला उजेड पाडा. अक्षरं स्पष्ट होतात, मोठीही वाटतात. भोकातून प्रकाशाची इतकी बारीक धार आत येते की भिंगाने ती नीट एकवटली नाही तरी पडद्यावर फारसा पसारा होत नाही. चष्म्याचा नंबर कितीही असो, भोकातून लांबचंही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. एखाद्याला भोकातूनही स्पष्ट दिसत नसेल तर दोष केवळ नंबराचा नसावा, असा अंदाज नेत्रतज्ज्ञ यावरूनच बांधतात.

दुसरा प्रयोग या लेखातला सगळ्यात उत्तम, आणि त्याला खर्च शून्य. फॉइल डोळ्यापासून ३–४ सेंमी दूर धरा आणि उजळ, एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागाकडे रोखा. ढगाळ आकाश किंवा पूर्ण पांढरा कॉम्प्युटर स्क्रीन चालतो. भोक भोकासारखं दिसत नाही, एक प्रकाशाची गोल चकती दिसते. एवढ्या जवळच्या वस्तूवर डोळा स्थिरावू शकत नाही, त्यामुळे भोकाचा प्रकाश पसरतो आणि पसरताना तुमच्या बाहुलीचा आकार घेतो. म्हणजे ती चकती तुमची स्वतःचीच बाहुली आहे. तिची कड अगदी गुळगुळीत नसेल, आत काही तरंगते कण, धागे दिसतील. ते डोळ्यातल्या जेलीत आहेत आणि बहुतेकांच्या डोळ्यांत असतात.

चकतीकडे पाहत राहा आणि दुसरा डोळा हाताने झाका. क्षणभराने चकती मोठी होते. हात काढा, ती आक्रसते. उजेड कमी झाला तो दुसऱ्या डोळ्यात, पण हुकूम दोन्ही बाहुल्यांना एकच जातो. आरशात ही हालचाल पकडणं कठीण, इथे मात्र ती आपल्याच डोळ्यात, आतून दिसते. दुसरा डोळा झाकताना फॉइल हलली तर काही कळत नाही, म्हणून फॉइलचा हात गालाला टेकवून ठेवा.

आता एक कागदाचा तुकडा घ्या. फॉइल आणि डोळा यांच्या मधल्या जागेत तो खालून हळूहळू वर आणा. चकतीवर अंधार वरून खाली उतरतो! घाईने 'चुकलं' म्हणू नका, कागद खालीच आहे. पडताळा म्हणून तोच कागद फॉइलच्या पलीकडच्या बाजूने खालून वर आणा. या वेळी अंधार नेहमीसारखा खालूनच चढतो.

कारण असं: नेहमीचं चित्र दृष्टिपटलावर उलटं पडतं, पुठ्ठ्याच्या डोळ्यात पाहिलं तसंच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली हे गणिताने मांडलं. मेंदू पडद्याच्या खालच्या भागावर जे पडतं त्याला 'वर' म्हणायला शिकलेला असतो. मधल्या जागेतला कागद चित्र नाही, नुसती सावली पाडतो. ती उलटत नाही, सरळच पडते. खालून आलेली सावली पडद्याच्या खालच्या भागावर पडली, आणि मेंदूने सवयीने तिला 'वर' ढकललं. उलट्या प्रतिमेचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

फॉइल हातात आहेच तर तिसरं. ती आता डोळ्याच्या अगदी जवळ आणा, पांढऱ्या स्क्रीनकडे पाहा आणि भोक बारीक गोलाकार हलवत राहा: दोन मिलिमीटरचा फेरा, सेकंदाला दोन-तीन वेळा. काही सेकंदांत वाळलेल्या झाडाच्या फांद्यांसारखं जाळं दिसू लागेल. या तुमच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या. नीट पाहा, अगदी मध्यभागी जाळं नाही. तिथे पीतबिंदूचा मध्य आहे, सर्वांत तीक्ष्ण नजरेची जागा, आणि तिथे वाहिन्या आडव्या येत नाहीत. भोक नुसतं आडवं हलवलं तर उभ्या वाहिन्या उठून दिसतात, उभं हलवलं तर आडव्या. हात थांबवा, जाळं विरून जातं. या सावल्या एरवीही पडतच असतात, पण कायम एकाच जागी. आणि जे बदलत नाही त्याची दखल डोळा घेत नाही. भोक हललं की सावल्या सरकतात आणि उघड्या पडतात. जाळं दिसत नसेल तर बहुधा फेरा फार मोठा घेतला जातोय किंवा हात संथ पडलाय. पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून या जाळ्याला पुरकिन्येचं झाड म्हणतात.

अंधबिंदू: फक्त बघू नका, मोजा

कागदावरचा ठिपका नाहीसा होतो हे बऱ्याच जणांनी शाळेत केलेलं असतं. त्यापुढे कोणी जात नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

शाळेतला भाग आधी. कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर १ सेंमी व्यासाचा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंमीच्या आसपास ठिपका जातो, आणखी जवळ आणला की परत येतो. जात नसेल तर कारणं दोन-तीनच असतात. नजर चोरून ठिपक्याकडे जाते. किंवा झाकला भलताच डोळा: उजव्या डोळ्याचा अंधबिंदू उजवीकडेच, कानाच्या बाजूला असतो. किंवा कागद तिरका आहे. अंधबिंदूचा मध्य नजरेच्या रेषेच्या किंचित खाली, सुमारे दीड अंशावर असतो, म्हणून ठिपका फुलीच्या रेषेपेक्षा अर्धा-पाऊण सेंटिमीटर खाली काढला तर हमखास जमतं.

आता मोजणी. दोन जण असतील तर सोपं, एकट्यालाही जमतं.

१. ए४ कागद आडवा करून भिंतीवर लावा. डाव्या कडेपासून ५ सेंमीवर, उभ्या मध्यावर, बारीक फुली काढा.

२. उजवा डोळा कागदापासून बरोबर ५० सेंमीवर राहील अशी बैठक करा. हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेका. डोकं हललं की आकडे बिघडतात, म्हणून चळत हवीच.

३. पेन्सिलीवर टोकापर्यंत पांढरा कागद गुंडाळा, काळं टोक तेवढं उघडं ठेवा. पेन्सिलीचा दांडा दिसत राहिला तर टोक कुठे गेलं ते मेंदू अंदाजाने भरून काढतो आणि खूण चुकते.

४. डावा डोळा झाका. नजर फुलीवर. पेन्सिलीचं टोक फुलीपासून उजवीकडे सरकवत न्या. सुमारे ११ सेंमीवर ते नाहीसं होईल. अजून पुढे, १४ सेंमीच्या आसपास थांबा. तुम्ही आता अंधबिंदूच्या पोटात आहात.

५. तिथून टोक बारीक थरथरवत बाहेर न्या. जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे खूण. परत आत, दुसऱ्या दिशेला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि चार तिरक्या, अशा आठ खुणा करा. नेहमी आतून बाहेर यायचं. कधी आतून बाहेर, कधी बाहेरून आत असं केलं तर खुणा वेड्यावाकड्या येतात.

६. खुणा जोडा. उभट अंडाकृती डाग मिळेल, साधारण ५ सेंमी रुंद आणि साडेसहा-सात सेंमी उंच.

दर दोन-तीन खुणांनंतर डोळा मिटून विश्रांती घ्या. एकटक पाहिलं की डोळा कोरडा पडतो आणि नजर सरकू लागते. डाग अंडाकृती न येता एका बाजूला शेपटी फुटल्यासारखा आला तर त्या खुणेच्या वेळी नजर हललेली होती. तेवढीच खूण परत घ्या.

आता गणित. प्रकाशकिरण डोळ्यात ज्या बिंदूतून सरळ जातात असं धरता येतं, तो बिंदू दृष्टिपटलापासून १७ मिमीवर आहे. तेव्हा कागदावरचं कोणतंही माप ५० सेंमीने भागून १७ मिमीने गुणलं की पडद्यावरचं माप मिळतं. डागाची रुंदी ५ सेंमी: ५ ÷ ५० × १७ = १.७ मिमी. फुलीपासून डागाच्या मध्याचं अंतर १४ सेंमी: १४ ÷ ५० × १७ = सुमारे ४.८ मिमी. दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, डोळ्याबाहेर पडते ती चकती खरोखर एवढीच, पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असते, आणि पीतबिंदूपासून साडेचार-पावणेपाच मिलिमीटरवरच असते. पेन्सिल आणि पुस्तकांची चळत एवढ्यावर जिवंत डोळ्याच्या आतलं माप मिळालं.

तिथे दिसत नाही कारण तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. सुमारे १० लाख तंतू पडद्याच्या पुढच्या बाजूने येऊन तिथे गोळा होतात आणि भोक पाडून मागे जातात. माणसाच्या डोळ्यात तारा पडद्याच्या पुढून ओढलेल्या आहेत. ऑक्टोपसच्या डोळ्यात त्या मागून जातात, त्याला अंधबिंदू नाही.

मग तिथे काळा खड्डा का दिसत नाही? डाग काढलेल्या कागदावर एक जाड रेघ डागाच्या आरपार ओढा आणि त्याच बैठकीत फुलीकडे पाहा. रेघ अखंड दिसते. आता डागाच्या आतला तेवढाच रेघेचा तुकडा खोडा. तरीही अखंड! रंगीत कागदावर केलं तर भोक त्या रंगाने भरून निघतं. इथे डोळा संपतो आणि मेंदूची थाप सुरू होते.

चाळिशीचं गणित

बारीक छापलेला मजकूर मोजपट्टीवर सरकवत जवळ आणा, एका डोळ्याने पाहा. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच. अक्षरांची कड पहिल्यांदा जिथे फुगते तो तुमचा निकटबिंदू. 'वाचता येतंय अजून' म्हणून रेटत जाऊ नका, वाचता येणं आणि स्पष्ट दिसणं वेगळं. विशीत हे अंतर १० सेंमीच्या आसपास असतं, चाळिशीत २० ते २५, साठीला मीटरभर. १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागलं की भिंगाची फुगण्याची ताकद डायॉप्टरमध्ये मिळते: विशीला १०, चाळिशीला ४–५, साठीला १. घरातल्या तीन पिढ्यांचे आकडे आलेखावर मांडून पाहा, उतार सरळ दिसतो. स्नायू थकतात असं नाही, भिंगच वयाबरोबर ताठर होत जातं.

'स्पष्ट' कधी म्हणायचं यावर वाद होत असेल तर ख्रिस्टोफ शायनर या जर्मन शास्त्रज्ञाची युक्ती वापरा. ती १६१९ पासूनची आहे. फॉइलमध्ये २ मिमी अंतरावर दोन बारीक भोकं पाडा. अंतर बाहुलीपेक्षा कमीच हवं, नाहीतर एकच भोक कामी येतं. फॉइल डोळ्याला लागून धरा, भोकं आडवी. खोडरबरात उभी रोवलेली टाचणी हातभर अंतरावर ठेवा आणि तिच्याकडे पाहा: एक दिसते. आता तिच्यापलीकडच्या लांबच्या वस्तूवर नजर रोखा. टाचणीच्या दोन होतात. उजवं भोक झाका: डावी टाचणी जाते. हे उलटं वाटतं, पण सावलीचा प्रयोग आठवा. किरण पडद्यापर्यंत एकमेकांना ओलांडतच नाहीत, उजव्या भोकातला उजवीकडेच पडतो, आणि मेंदू त्याला डावीकडे दाखवतो. टाचणी जवळ आणताना ज्या अंतराच्या आत काही केल्या तिची एक होत नाही, तो खरा निकटबिंदू. इथे मताला जागा नाही.

नजर किती बारीक

१ मिमी काळ्या आणि १ मिमी पांढऱ्या पट्ट्या छापून भिंतीवर लावा, चांगल्या उजेडात मागे मागे जा. चांगल्या नजरेला पट्ट्या साडेतीन मीटरच्या आसपास करड्या होऊ लागतात. १७ मिमीचं गणित लावा: पडद्यावर एका पट्टीची रुंदी ०.००५ मिमी. पीतबिंदूतल्या शंकुपेशी, म्हणजे चांगल्या उजेडात बारकावे आणि रंग टिपणाऱ्या पेशी, एकमेकींपासून याच्या साधारण निम्म्या अंतरावर आहेत. पट्ट्या याहून फार बारीक झाल्या की काळ्याला आणि पांढऱ्याला वेगवेगळी पेशी उरत नाही. पट्ट्या आडव्या, मग उभ्या लावून पाहा. दोन्हींत मोठा फरक आला तर डोळ्याला तिरकस नंबर असण्याचा संभव आहे. छपाई मात्र लेझर प्रिंटरवर करा, हाताने काढलेल्या रेघांत एकसारखेपणा नसतो.

ही बारीक नजर फार चिंचोळी आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. तेवढाच भाग खरा स्पष्ट. कडेची नजर तपासायला मित्राला समोर पाहायला सांगा आणि त्याच्या मागून, कानाच्या रेषेत, रंगीत कार्ड पुढे आणत जा. कार्ड हलतंय हे त्याला आधी कळेल, मग रंग, आणि त्यावरचं अक्षर सगळ्यात शेवटी. कार्डांचे रंग त्याला आधी दाखवू नका, तो अंदाज सांगू लागतो.

अंधारात

एक डोळा काळ्या कापडाने घट्ट झाकून २० मिनिटं उजेडात बसा, मग जवळजवळ पूर्ण अंधाऱ्या खोलीत जाऊन कापड काढा. आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहा: झाकलेल्याला खोली दिसते, उघड्याला काळोख. दंडपेशींमधलं, म्हणजे मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींमधलं, प्रकाशाने विरणारं द्रव्य परत भरायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उघडला की प्रयोग पहिल्यापासून. याच मंद उजेडात लाल आणि निळा कागद शेजारी ठेवा. दिवसा सारखेच उजळ दिसणारे रंग निवडले असतील तर आता लाल जवळजवळ काळा आणि निळा फिकट राखाडी दिसेल. रात्री एखादा अगदी मंद तारा थेट पाहिला की नाहीसा होतो, जरा बाजूला पाहिलं की परत येतो: पीतबिंदूच्या मध्यात दंडपेशी नाहीतच, त्या कडेला दाट आहेत.

दोन डोळे, आणि एक आरसा

दोऱ्याला एखादा जड नट बांधून मीटरभराचा लंबक टांगा आणि त्याला डाव्या-उजव्या बाजूला सरळ रेषेत झोका द्या. दोन-तीन मीटरवरून दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहा, पण उजव्या डोळ्यापुढे गॉगलची एक काच धरा. लंबक लंबवर्तुळात फिरू लागतो: उजवीकडे जाताना जवळून, डावीकडे येताना लांबून. काच डाव्या डोळ्यापुढे नेली की फिरण्याची दिशा उलटते. अंधूक चित्राचा निरोप मेंदूला किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे त्या डोळ्याला लंबक थोडा मागे दिसतो, आणि मेंदू या फरकाचा अर्थ खोली असा लावतो. १९२२ मध्ये हे मांडणारा जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख एका डोळ्याने आंधळा होता. त्याला हा परिणाम स्वतः पाहताच आला नाही.

आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, परत डाव्या. डोळे हलताना दिसत नाहीत. शेजारच्याला मात्र दिसतात. झेप घेताना मेंदू चित्र दाबून टाकतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात हेच करून पाहा: तिथे हालचाल दिसते, कारण स्क्रीनवरचं चित्र जरा उशिरा येतं.

शेवटी, खरा डोळा

बाकी सगळं जमल्यावरच हे. मेंढीचा किंवा शेळीचा ताजा डोळा लागतो, एका दिवसाच्या आतला आणि थंड ठेवलेला. फ्रीझरमध्ये गोठवलेल्याचं भिंग पांढुरकं पडतं. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, टोकदार कात्री, स्कालपेल आणि ट्रे. मुलं असतील तर पाती मोठ्यांच्याच हातात. बाहेरची चरबी आणि स्नायू कापून काढा, मागचं दृष्टिचेतेचं पांढरं देठ राहू द्या. बाहुली आडवी, आयताकार आहे हे टिपून ठेवा.

गोळ्याच्या मध्यावर, पुढच्या आणि मागच्या भागाच्या सीमेवर, स्कालपेलने छोटी चीर द्या. पांढरा कोश चिवट असतो आणि पातं सटकतं, म्हणून जोर लावायचा नाही, टोक फिरवत घालायचं. मग कात्रीने गोल कापत जा. पुढच्या भागातून भिंग अलगद सोडवा आणि छापील कागदावर ठेवा: अक्षरं मोठी दिसतात. मागच्या वाटीतली जेली ओतून टाका. आत निळसर-हिरवी चकाकी दिसेल. रात्री प्राण्यांचे डोळे चमकतात ते हिच्यामुळे, माणसाच्या डोळ्यात ती नसते. तिच्यावर ओल्या टिश्यूसारखा जो पातळ, पिवळट पडदा सुरकुतलेला दिसतो ते दृष्टिपटल. चिमट्याने उचलून पाहा. ते कुठेच चिकटलेलं नाही, सगळीकडून सुटून येतं, फक्त एका ठिकाणी घट्ट धरलेलं असतं. वाटी उलटी करा: देठ नेमकं तिथेच आहे. कागदावर पेन्सिलीने काढलेला डाग म्हणजे हीच जागा.